लाल चिठ्ठीच्या एकोणीस रायफली

आमच्या गल्लीत अशी वदंता आहे की नादुरुस्त मामांनी सैन्यात असताना एकोणीस रायफली मोडल्या, म्हणून त्यांना तिथून हाकलून दिलं.

इस्त्रीवाला ही गोष्ट सांगायला लागला की इस्त्री शर्टावर तशीच ठेवतो, त्यामुळे ऐकणाऱ्याचा जीव अर्धा गोष्टीत आणि अर्धा शर्टात असतो. "मी स्वतः ऐकलंय, बरं का! एक नाही, दोन नाही, एकोणीस! गुडघ्यावर घेऊन काटक्यांसारख्या कडाकड, बरं का!" औषधाच्या दुकानातले काका हेच सांगतात, पण आवाज खाली आणून, गोळ्या कशा घ्यायच्या ते सांगावं तसं. "मोडल्या नाहीत हो. स्प्रिंगा काढून विकल्या. कुणाला बोलू नका. जेवणानंतर." हे शेवटचं 'जेवणानंतर' त्यांच्या तोंडून सवयीनं निसटतं, पण लोकांना वाटतं, त्यातही काहीतरी अर्थ असणार.

आता खरं ऐका. एक तर मामांना कुणी हाकललं नाही. अठ्ठावीस वर्षं नोकरी करून, रीतसर निवृत्त होऊन, भिंतीवरचं एक घड्याळ भेट घेऊन ते घरी आले. हे घड्याळ रोज सात मिनिटं मागे पडतं. गल्लीतलं कुठलंही शिलाई मशीन मामा डोळे मिटून उघडतात आणि जोडतात, पण त्या घड्याळाला हात लावत नाहीत. "भेट आहे. आली तशी राहू दे." आणि दुसरं म्हणजे मामांनी एकही रायफल मोडली नाही. एकोणीसच्या एकोणीस धडधाकट होत्या. त्या मोडल्यात असं त्यांनी नुसतं सांगितलं. तेही लेखी, सहीनिशी.

"म्हणजे खोटं बोलले," मामी म्हणते. "लग्नाला तेहतीस वर्षं झाली. 'आज छान दिसतेस' एवढं एक खोटं या माणसाला जमलं नाही. आणि सरकारशी एकोणीस!"

मी त्यांची सख्खी भाची. वरच्या मजल्यावर राहते, आणि जे ऐकते ते ज्याच्या त्याच्या आवाजात परत करते, म्हणून घरात मला पोपट म्हणतात. पण ही गोष्ट मामांची आहे, तेव्हा पोपटाने आता जरा फांदीवर बसावं.

मामा शस्त्रागार सांभाळत. पलटणीतही सगळे त्यांना मामाच म्हणत. लांबट खोली, तिला एकच खिडकी, खिडकीला गज, आणि गजांच्या खाली वीतभर रुंदीचा लाकडी कट्टा. आत मांडणीवर दोनशे रायफली ओळीनं उभ्या. तेलाचा वास कपड्यांत असा मुरलेला की मामा सुट्टीवर घरी आले की दार उघडायच्या आधीच मामीला कळायचं. सकाळी पहाऱ्याला जाणारे जवान रांगेनं खिडकीशी येत, आपल्या रायफलीचा नंबर म्हणत, सही करत आणि ती घेऊन जात. संध्याकाळी परत तेच, उलट्या क्रमानं.

खिडकी ठेंगणी होती. आतून माणसाचा चेहरा दिसायचा नाही, शर्टाच्या दुसऱ्या गुंडीपासून खालचंच दिसायचं. म्हणून मामांनी माणसं ओळखली ती आवाजावरून. एक जण नंबर गाण्यासारखा म्हणायचा, सुरात. एक जण शिवी हासडल्यासारखा. एक जण आकड्यांची बेरीज करत असल्यासारखा. आणि एका तरण्या पोराला शेवटचा आकडा म्हणताना जांभई यायचीच. चार, सात, दोन, न...ऊ. तीन वर्षं, रोज. मागचे लोक त्याच्याबरोबर जांभया देऊन हसायचे.

मग एकदा चार दिवस ती जांभई आलीच नाही. नंबर आला, पण कोरडा, पाटीवरचा वाचून दाखवावा तसा. मामांनी रायफल दिली, पण त्या चार दिवसांत त्यांना जेवण गोड लागलं नाही. तिसऱ्या दिवशी त्यांना कळलं की पोराने आपलं मनगटी घड्याळ शेजारच्या खाटेवरच्याला देऊन टाकलंय. आणि पाचव्या दिवशी सकाळी खिडकीतून आवाज आला, "चार, सात, दोन..." आणि पुढे काहीच नाही.

"पुढे?" मामा म्हणाले.

"आठवत नाही, मामा."

मामांनी मांडणीवरून त्याची रायफल काढली. उजेडात धरली, खटका दोनदा मागेपुढे केला, कान लावला.

"हिची स्प्रिंग गेली."

"काल तर बरी होती."

"काल होती. आज गेली. स्प्रिंग काय निरोप घेऊन जाते?"

मामांनी दुरुस्तीची लाल चिठ्ठी लिहून नळीला बांधली. पोरगा म्हणाला, "मग दुसरी द्या." मामा म्हणाले, "शिल्लक नाही." मागे दोनशे रायफली उभ्या होत्या. दोघांपैकी कुणीही तिकडे बघितलं नाही.

ज्याची रायफल दुरुस्तीत, त्याला पहारा नाही, असा नियमच होता. त्याला मोटारीच्या छपरीत नाहीतर भटारखान्यात काम मिळायचं. आणि आणखी एक नियम होता, ज्याचा आजवर कुणी उपयोग केला नव्हता: असल्या जवानाने रोज एकदा शस्त्रागारात येऊन 'दुरुस्ती झाली काय' अशी चौकशी करायची आणि सही करायची. हा नियम कोणी कशासाठी केला, देव जाणे. मामांनी तो दोन्ही हातांनी धरला.

"झाली का?"

"नाही झाली. बस. चहा घे."

आत एक स्टूल होतं. मामा त्याच्या हातात कात्री आणि फ्लॅनेलचा तागा द्यायचे. रायफलीची नळी पुसायला चार इंची चौकोनी चिंध्या लागतात, त्या कापायच्या. मामा बोलके नाहीत. त्यांचा सगळ्यात मोठा शब्द 'बघतो', आणि त्याचे चाळीस अर्थ आहेत. त्यामुळे बोलायचं असेल तर त्या पोरालाच बोलावं लागायचं. पहिला आठवडा तो नुसताच कापत बसला. दुसऱ्या आठवड्यात घरचं काहीबाही सांगू लागला. एक दिवस मामा त्याला पलटणीच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. "याचा गुडघा दुखतोय." डॉक्टरांनी पोराच्या तोंडाकडे बघितलं, गुडघ्याला हातही लावला नाही, आणि तासभर दार बंद करून त्याच्याशी बोलत बसले. मग दर आठवड्याला गुडघा.

पुढे पुढे ते डॉक्टर म्हणायचे, "मामा, तुमच्या खिडकीसमोर काय शेवाळ आहे का हो? सगळे गुडघ्यावरच कसे पडतात?"

"बघतो," मामा म्हणायचे.

पाचव्या आठवड्यात पोरानं चहाचा घोट घेतला, तोंड वाकडं केलं आणि म्हणाला, "काय हे मामा, साखर घालायला हात आखडतो का तुमचा?" मामांनी त्याच्याकडे बघितलं. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना विचारलं. डॉक्टर म्हणाले, आता हरकत नाही. त्याच्या पुढच्या आठवड्यात स्प्रिंग 'आली'.

तेव्हापासून मामांचं ठरलं. सगळं सोसून गप्प बसणारा माणूस त्यांना भिववतो, आणि तक्रार करणारा माणूस त्यांना फार आवडतो. आमच्या घरी भाजीत मीठ कमी पडलं आणि कुणी बोंब मारली की मामी चिडते, मामा खुश होतात. का, ते आम्हाला बरीच वर्षं कळलं नव्हतं.

'वरच्यांना सरळ का नाही सांगितलं?' असं कुणीही विचारील. सांगितलं असतं तर फायलीवर शेरा पडला असता. शेरा पडला की बढती गेली, बाहेरची नेमणूक गेली, आणि रांगेतला प्रत्येक जण 'हा तो डोक्याचा' म्हणून बोट दाखवायला मोकळा. एकावर शेरा पडलेला पाहिला की पुढचे दहा जण दुखणं गिळून नंबर खणखणीत म्हणायला शिकतात. स्प्रिंगवर कितीही शेरे पडले तरी स्प्रिंगची बढती अडत नाही. म्हणून अठ्ठावीस वर्षांत एकोणीस स्प्रिंगा.

ही गोष्ट मामांनी कुणालाच सांगितली नाही. मामीलाही नाही. त्या एकोणीस जणांनी कधी विचारलं नाही, मामांनी कधी सांगितलं नाही. मामा निवृत्त झाले, तळमजल्याच्या खोलीत शिलाई मशीन दुरुस्त करू लागले, आणि शस्त्रागारातला कुणीतरी बोलघेवडा इस्त्रीवाल्याच्या गिऱ्हाइकाला म्हणाला की या माणसाच्या हाताखाली एकोणीस रायफली नादुरुस्त झाल्या. पुढचं, 'नादुरुस्त मामा' या नावासकट, इस्त्रीवाल्याने सांभाळलं.

गेल्या वर्षी सरकारी पत्र आलं. सैन्यातल्या आणि निवृत्त लोकांच्या आत्महत्या थांबवण्यासाठी कायदे-नियम बदलायचे म्हणून सरकारनं एक समिती नेमली होती. त्या समितीच्या एका कारकुनाने, चांगला जाड भिंगांचा असणार, जुन्या नोंदवह्या चाळताना पाहिलं की एका शस्त्रागारात एकोणीस रायफली तीन आठवड्यांपासून अडीच महिन्यांपर्यंत दुरुस्तीला होत्या, आणि एकीलाही कधी नवा सुटा भाग लागला नाही. शिवाय तिथे नळी पुसायच्या चिंध्या इतक्या शिल्लक होत्या की आजही नवं फ्लॅनेल मागवावं लागत नाही.

मामीने पत्र तीनदा वाचलं. "आता या वयात चौकशी! चांगलं घड्याळ घेऊन आला होतात, आता बेड्या घेऊन या."

पत्रामागून समितीच्या सचिवबाई आल्या. हातात जाडजूड फाइल, पायात साधे बूट, आणि प्रत्येक वाक्याच्या सुरुवातीला 'नाही, म्हणजे हो'. मशीनच्या पाट्यावर फाइल ठेवून त्या म्हणाल्या, "नाही, म्हणजे हो, चौकशीच आहे, पण तुमच्यावर नाही. मामा, आम्हाला कळलंय तुम्ही काय करत होतात."

मामा सुईत दोरा ओवत होते. ओवतच राहिले.

"तुमची ही नजर आम्हाला सगळ्या शस्त्रागारवाल्यांना शिकवायची आहे."

"नजर नाही. कान," मामा म्हणाले. "आणि तोही चुकतो."

"म्हणजे?"

"बघतो."

बाईंना मामांचे चाळीस 'बघतो' ठाऊक नव्हते. त्या पुढे गेल्या. समितीत दोन मोठे साहेब होते, त्यांचं म्हणणं असं की सैनिक मदत मागतच नाही, तो त्याचा पिंडच नाही, तेव्हा नियम बदलून उपयोग शून्य. त्यांच्यापुढे उभा करायला एक तरी माणूस हवा. "नाही, म्हणजे हो, नोंदवहीत रायफलींचे नंबर आहेत. कोणती कुणाची ते दुसऱ्या वहीत होतं, आणि ती वही वाळवीनं खाल्ली. आता ते फक्त तुमच्या डोक्यात आहे. नावं द्या, मामा. अगदी गुप्त ठेवू."

मामांनी दोरा दातानं तोडला. "सही केली होती त्यांनी," ते म्हणाले. "स्प्रिंगसाठी. नावासाठी नाही."

बाई गेल्या, पण मामांना पेचात टाकून गेल्या. नावं द्यावीत तर ज्यांनी खिडकीत विश्वास ठेवला त्यांचा घात. न द्यावीत तर नियम बारगळणार, आणि उद्या कुठल्या तरी खिडकीशी एखाद्या पोराचा आवाज कोरडा पडेल तेव्हा आत मामा नसणार. आठ दिवस त्यांनी एकही मशीन जोडलं नाही. उघडलेली चार मशीनं आतडी बाहेर काढून पडली होती, आणि मामी गिऱ्हाइकांना सांगत होती, "डॉक्टर आजारी आहेत."

नवव्या दिवशी मामांनी ट्रंक उघडली. तळाशी दुरुस्तीच्या कोऱ्या लाल चिठ्ठ्यांचा गठ्ठा होता. एकोणिसांपैकी अकरा जणांचे पत्ते त्यांच्याकडे होते किंवा मिळाले. अकरा चिठ्ठ्यांवर मामांनी आपल्या ठसठशीत अक्षरात एकच मजकूर लिहिला: 'आपल्या रायफलीची दुरुस्ती पूर्ण. सही करायची इच्छा असल्यास यावे. न आल्यास हरकत नाही.' खाली सुनावणीची तारीख, वेळ आणि कचेरीचा पत्ता. पाकिटावर पाठवणाऱ्याचं नावसुद्धा नाही.

"ही आमंत्रणं आहेत?" मी म्हटलं. "मामा, एकही येणार नाही. वीस-वीस वर्षांपूर्वीचं दुखणं कोण चारचौघांत उघडं करतंय?"

"एक येईल."

"पैज?"

"पैज."

"तुम्ही हरलात तर मिशी काढायची."

"अगं, मिशी काढली तर मी यांना ओळखणार कशी?" मामी स्वयंपाकघरातून ओरडली.

मामांनी मिशीवरून हात फिरवला. "कबूल. आणि तू हरलीस तर एक महिना नकला बंद. तोंडातून फक्त तुझा आवाज."

मी हसत हसत हात पुढे केला. माझा स्वतःचा आवाज कसा आहे, याचा तेव्हा मी विचारच केला नव्हता.

सुनावणीचा हॉल म्हणजे उंच छताची, प्रतिध्वनी करणारी खोली. एक शब्द बोललं की दोन ऐकू यायचे. समोर अर्धगोल टेबल, मधोमध अध्यक्ष, निवृत्त सेनापती. हे साहेब दर वेळी 'थोडक्यात सांगायचं तर' असं म्हणून सुरू करायचे आणि मग पाणी आणणारा दोन फेऱ्या मारून यायचा. मागच्या बाकांवर वीसेक लोक. मामी आणि मी तिसऱ्या बाकावर. मामीने मामांच्या शर्टाला इतकी कडक इस्त्री करून घेतली होती की ते बसताना कागदासारखे वाजले.

"थोडक्यात सांगायचं तर," अध्यक्षांनी पंधरा मिनिटांनी विचारलं, "तुम्ही सरकारी नोंदवहीत खोट्या नोंदी केल्यात?"

"हो साहेब. एकोणीस."

मामीने माझा हात दाबला, इतका की तिची अंगठी माझ्या बोटात रुतली.

"आणि समितीने तुमचा हा उपाय सगळीकडे लावावा, असं तुमचं म्हणणं?"

"नाही साहेब."

सचिवबाईंनी मान वर केली.

"माझ्या कानावर नियम बांधू नका," मामा म्हणाले. त्यांनी पाण्याचा पेला उचलला, न पिता खाली ठेवला. "आमच्याकडे एक जवान होता. नंबर गाऊन म्हणायचा. आधीच्या बारा जणांना मी थांबवलं होतं, मला वाटायचं, आपल्याला कळतं. त्या सकाळीही तो गायला. सूर बरोबर होता, साहेब. अगदी बरोबर. मी रायफल दिली."

हॉलमध्ये प्रतिध्वनी तेवढा राहिला. मामी माझ्याकडे बघत होती आणि तिला काही दिसत नव्हतं. तेहतीस वर्षांत हे तिला पहिल्यांदा कळत होतं. कधी कधी मशीन दुरुस्त करताना मामा एकदम थांबतात, कान देऊन काहीतरी ऐकल्यासारखं करतात. ती आजवर म्हणायची, 'कानात तेल गेलंय यांच्या.'

"तेव्हा कुणी ओळखावं याची वाट बघू नका," मामा म्हणाले. एवढं सलग ते आयुष्यात बोलले नव्हते. "ज्याला रायफल शस्त्रागारात ठेवून द्यायची आहे त्याला ती स्वतः ठेवता आली पाहिजे. खिडकीशी यायचं, 'ठेवा' म्हणायचं. आतल्याने ठेवून घ्यायची. का, ते विचारायचं नाही. फायलीत लिहायचं नाही. रोज एकदा चहाला बोलवायचं, आणि डॉक्टर हवा तर तिथेच, गुडघ्याचं नाव न सांगता. निवृत्त झाल्यावर घरी परवान्याची बंदूक असते पुष्कळांच्या. त्यांनाही ती अशीच शस्त्रागारात ठेवून देता आली पाहिजे. एवढंच."

"पण थोडक्यात सांगायचं तर," अध्यक्ष म्हणाले, आणि सैनिकाचा पिंड, परंपरा, छाती, कणा असं सगळं शरीर फिरून शेवटी आले ते इथे: "असा स्वतःहून कोण येणार? पुरावा काय?"

मामांनी दाराकडे बघितलं. दार बंद होतं. घड्याळात बाराला दहा कमी. सुनावणी बाराला संपायची होती. मी मामांच्या मिशीकडे बघितलं आणि पहिल्यांदाच मला वाटलं की ही पैज आपण हरलो तर बरं.

बाराला चार मिनिटं कमी असताना दार उघडलं. खाकी शर्ट, खांद्यावर घामाचा पट्टा, हातात गाडीची किल्ली. शाळेच्या बसचा ड्रायव्हर.

"उशीर झाला," तो दारातूनच म्हणाला. "पोरं सोडून आलो. एकाचा डबा गाडीत राहिला, परत फिरावं लागलं. सही कुठे करायची?"

"आपण कोण?" सचिवबाईंनी विचारलं.

त्याने खिशातून लाल चिठ्ठी काढली. "चार, सात, दोन," तो म्हणाला, आणि पहाटे चारला उठणाऱ्या माणसाला येते तशी त्याला जांभई आली, "न...ऊ."

मामा उठून उभे राहिले. पाठमोरे होते, पण त्यांनी आवाज ओळखला हे त्या कडक शर्टाच्या पाठीवरूनसुद्धा कळलं.

अध्यक्षांनी त्याला खुर्ची दिली. तो बसला नाही. "मला बोलता येत नाही, साहेब, एकच सांगतो. मामांना वाटतं मी नंबर विसरलो होतो. मी विसरलो नव्हतो. तीन वर्षं रोज म्हटलेला नंबर कोण विसरेल? मी मुद्दाम थांबलो. म्हटलं, बघू तरी कुणी थांबवतंय का. तोंडानं 'मला देऊ नका' म्हणायची सोय नव्हती. असती, तर मी आदल्या सोमवारीच म्हटलं असतं."

इतकी वर्षं मामांना वाटत होतं की त्यांनी ओळखलं. आणि पोराने तर दार वाजवलं होतं.

त्याच्या मागोमाग एक बाई आत आल्या. बाहेर बाकावर कधीच्या बसल्या होत्या, पण आत यायला धजत नव्हत्या. त्यांच्याही हातात लाल चिठ्ठी. "हे पत्र माझ्या मिस्टरांच्या नावानं आलं," त्या म्हणाल्या. "ते चार वर्षांपूर्वी गेले. हृदयविकारानं, घरात, माझ्या हातावर. रायफलीचं त्यांनी मला सांगितलं होतं. त्यानंतरची सतरा वर्षं आम्हाला मिळाली. धाकटी तर त्यानंतरची आहे." मग मामांकडे वळून, अगदी कचेरीत विचारावं तसं, "सही मी केली तर चालेल का?"

"चालेल," मामा म्हणाले. खिशातलं पेन काढून त्यांनी बाईंपुढे धरलं.

आणि शेवटच्या बाकावर दहा वाजल्यापासून एक गृहस्थ बसले होते, त्यांना सगळे पंखे दुरुस्त करणारा समजत होते. ते उठले, टेबलापाशी गेले, आपली चिठ्ठी त्या दोन चिठ्ठ्यांशेजारी ठेवली, आणि एक शब्द न बोलता निघून गेले. मामांनी त्यांना हाक मारली नाही.

अध्यक्षांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "थोडक्यात," ते म्हणाले. सगळे वाट बघत राहिले. त्यांनी पुढे काहीच सांगितलं नाही. कागदावर काहीतरी लिहिलं आणि सुनावणी संपली.

मग चहा आला. बसड्रायव्हरनं घोट घेतला आणि अख्ख्या समितीदेखत म्हणाला, "काय हो, सरकारी साखरेचा एवढा तुटवडा?" मामा इतके मोठ्यानं हसले की हॉलने ते हसू दोनदा परत दिलं.

नियम व्हायला आठ महिने गेले. मसुदा तीनदा फिरला. अर्जावर 'कारण' असा एक रकाना कुणीतरी सवयीनं घुसवला होता. सचिवबाई तो अर्ज दाखवायला आल्या, तेव्हा मामांनी मशीनच्या तेलाचं बोट त्या रकान्यावर असं ठेवलं की तो पुसला गेला. "नाही, म्हणजे हो," बाई म्हणाल्या, "कळलं." आता जवानाला आणि निवृत्त माणसाला कारण न देता, फायलीत शेरा न पडता आपलं शस्त्र शस्त्रागारात ठेवून देता येतं, आणि अर्जाचा एक कोपरा लाल आहे. किती जणांनी ठेवलं, ते मामांना ठाऊक नाही. त्यांनी विचारलंही नाही. पण बसड्रायव्हर अधूनमधून येतो, स्टुलावर बसतो, चहाला नावं ठेवतो.

राहता राहिली पैज. मी आठ महिने भांडले. म्हटलं, ड्रायव्हर उशिरा आला. म्हटलं, त्या बाई एकोणिसांतल्या नाहीत. म्हटलं, तिसऱ्यांनी तोंडच उघडलं नाही. मामा प्रत्येक वेळी म्हणाले, "बघतो." नियम लागू झाला त्या संध्याकाळी म्हणाले, "बघितलं. हरलीस."

तेव्हा एक महिना नकला बंद. इस्त्रीवाल्याचं 'बरं का' जिभेवर येऊन परत जातं, औषधवाल्या काकांचं 'जेवणानंतर' घशात अडकतं. नवव्या दिवशी मी वही घेऊन बसले. तोंडातून फक्त स्वतःचा आवाज काढायचा, असं ठरलं होतं. वहीचं कुणी काही बोललं नव्हतं.

मामांनी आत्ता हे सगळं वाचलं. चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हणाले, "इस्त्रीवाल्याचे 'बरं का' कमी पडलेत."

तक्रार केली! मी पैज हरले ती हरलेच, पण मामी म्हणते, यांना इतकं खुश तिने बऱ्याच वर्षांत पाहिलं नाही.